राजेळीची ओल मोजताना

हल्ली माझ्याकडे कॉलेजची मुलं येतात. मोबाईल पुढे करतात, त्यावर दोन सेन्सरांचे फोटो असतात, एक निळा आणि एक पांढरा, दोन्ही जाळीदार प्लॅस्टिकच्या डबीतले, आणि विचारतात, "मॅडम, निळा घेऊ की पांढरा?" तापमान आणि हवेतली आर्द्रता, दोन्ही एकाच डबीत. तीन तारा जोडल्या की आकडे हजर. मी विचारते, "कशासाठी हवाय?" मुलं एकमेकांकडे बघतात. "असंच, प्रोजेक्टला." मग मी त्यांना चहा देते, बसवून घेते आणि माझा नवरा वर्तमानपत्र उचलून आतल्या खोलीत निघून जातो, कारण पुढचा तासभर काय होणार हे त्याला पाठ झालेलं आहे. त्या मुलांना जे सांगते तेच इथे लिहून ठेवते. वाचणाऱ्याला थोडी बढाई वाटेल. वाटू दे. बढाई मारावी अशा गोष्टी माझ्या आयुष्यात फार नाहीत, पण ही आहे.

विरारजवळ वटारला आमची वाडी होती, अजून आहे. घर कौलारू, बसकं, पुढे ओटा, मागे विहीर आणि विहिरीपासून थेट कुंपणापर्यंत केळी. सकाळी जाग यायची ती पंपाच्या आवाजाने. पंप सुरू झाला की पाटातून पाणी निघायचं आणि त्या पाण्याच्या मागोमाग बाबा, लुंगी वर खोचून, हातात कोयता घेऊन. बाबा सातिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, पण ड्यूटीवर जाण्याआधी वाडीत एक फेरी मारल्याशिवाय चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. स्वयंपाकघरात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नाहीतर सुक्या बोंबलाचं कालवण, आणि या सगळ्या वासांवर मात करून घरभर पसरलेला एक गोड, जड वास पिकत्या केळ्यांचा. संध्याकाळी शेजारच्या गावातल्या चर्चची घंटा वाजली की आमच्याकडे धावपळ सुरू व्हायची. ती घंटा म्हणजे आमची सुकेळी आवरायची वेळ. ख्रिस्ती घरांत लोक त्या वेळी प्रार्थना म्हणत आणि आमच्या घरात आई ओरडत असे.

सुकेळी म्हणजे वाळवलेलं राजेळी केळं. राजेळी हे मोठं, अंगाला कडा असलेलं, जाड सालीचं केळं. पेंढ्यात झाकून ते पूर्ण पिकवायचं, सोलायचं आणि अंगणातल्या उंच मांडवावर बांबूच्या चटईवर ओळीने मांडायचं. दिवसभर ऊन खाऊ द्यायचं, मध्ये एकदा परतायचं, संध्याकाळी सगळी गोळा करून टोपलीत वाळक्या केळीच्या पानांत झाकून घरात घ्यायची, सकाळी पुन्हा मांडायची. असं होत होत केळं आक्रसतं, काळपट सोनेरी होतं, आणि दाताखाली आलं की आधी चिवट लागतं आणि मग विरघळतं. साखरेचा एक कण नाही, आणि तरी गोडी अशी की वर पाणी प्यावंसं वाटू नये. आमच्या पट्ट्यात पुष्कळ घरं सुकेळी करत, पण आईची सुकेळी म्हणजे आईची सुकेळी. ती स्वतःच तसं म्हणायची, त्यामुळे दुसऱ्या कुणी म्हणायची गरज पडत नसे. इनासकाका, म्हणजे नंदाखालच्या बाजूला दुकान असलेले बाबांचे जुने स्नेही, दर हंगामाला येऊन ओट्यावर बसायचे, एक सुकेळं अंगठ्याने दाबायचे, मधून फोडून उजेडाकडे धरायचे आणि मगच खायचे. त्यांच्याकडून ती सुकेळी कुठे कुठे जायची, आखातात, कॅनडात. आई म्हणायची, "मी काय ठाण्यापलीकडे गेलेली नाय, पण माझी केळी विमानात बसून आली."

माझं शिक्षण संपलं त्या सुमारास आमच्या पश्चिमेच्या वाडीत तीन मजली इमारत उभी राहिली. त्या वाडीवाल्यांची मुलं सगळी नोकरीला, वाडी बघायला कुणी नाही, त्यांनी विकली. त्यांच्यावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता. पण पहिला मजला झाला तेव्हा काही जाणवलं नाही, दुसरा झाला तेव्हा आई मधूनमधून वर बघायला लागली, आणि तिसऱ्याचा स्लॅब पडला त्या हिवाळ्यात दुपार कलायच्या आतच आमच्या मांडवावर सावली येऊन बसली. अर्ध्या दिवसाच्या उन्हाने राजेळी सुकत नाही. बाहेरून मऊ राहते, आंबूस वास धरते, आणि एकदा तो वास लागला की ती वाया गेली. आईने मांडव पूर्वेला सरकवून बघितला, तिकडे माडांची सावली. कौलांवर मांडून बघितली, तिथे कावळे. एक दिवस जेवताना ती शांतपणे म्हणाली, "यंदाची शेवटची. पुढल्या साली सुकेळी नाय."

बाबांनी मान हलवली. त्यांनी हे आधीच मनात धरलं असावं. राजेळीला जागा फार लागते आणि भाजीचं केळं म्हणून ती कुणी फारशी घेत नाही, सुकेळी नसेल तर राजेळी ठेवण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, हंगाम संपला की राजेळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली नवी रोपं, उपटून टाकू आणि तिथे मोगरा लावू. रोपं देणाऱ्या माणसाशी त्यांचं बोलणंही झालं होतं. आई ताकाचं भांडं घेऊन आत गेली. मला तिचा चेहरा दिसला नाही, पण तिच्या हातातलं भांडं स्वयंपाकाच्या ओट्यावर जोरात आपटल्याचा आवाज आला. आईच्या हातून भांडं कधी आपटत नसे. मी तिथेच ठरवलं की हे होऊ द्यायचं नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला होता आणि विरारच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. घरी माझा छंद म्हणजे मायक्रोकंट्रोलर. चाळीस पायांची ती काळी चीप, तिच्यात आपण लिहिलेला प्रोग्रॅम भरायचा आणि ती आपलं ऐकते, हे मला तेव्हा जादूसारखं वाटायचं आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. क्लासच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहून तो चीपमध्ये भरायचा, चीपचे पाय वाकू नयेत म्हणून ती थर्माकोलच्या तुकड्यात खोचून पर्समधून घरी आणायची. माजघरातल्या खिडकीखाली माझं टेबल. सोल्डरिंगचा धूर केळ्यांच्या वासात मिसळायचा आणि आई पदर नाकाला लावून जायची. तोवर मी आपोआप लागणारा दिवा, टाकी भरली की वाजणारा भोंगा, असले खेळ केले होते. घरातल्यांना कौतुक होतं, पण नाटकातल्या कामाचं असावं तसं.

आता मला पेटी बनवायची होती. सकाळचं ऊन मांडवावर, सावली आली की केळी पेटीत. आत उष्णतेसाठी बल्ब, दमट हवा बाहेर फेकायला पंखा, आणि दोन्हींवर नजर ठेवायला माझी चीप. पण चीप आंधळी असते. तिला आत किती गरम आहे आणि किती ओल आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. सांगणारा खोटारडा निघाला तर चीप कितीही हुशार असून उपयोग नाही. म्हणून सगळं काम येऊन अडलं ते सेन्सरवर.

तापमानाचं लवकर सुटलं. थर्मिस्टर म्हणून एक मिरीच्या दाण्याएवढा स्वस्त प्रकार मिळतो, उष्णतेप्रमाणे त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो, पण तो सरळ चालीचा नाही, बर्फात एका तऱ्हेने वागतो आणि उकळत्या पाण्यात भलत्याच. त्याचं गणित बसवता येतं, पण मला केळी सुकवायची होती, गणित नाही. त्यापेक्षा एलएम पस्तीस बरा वाटला. तीन पायांचा, ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा, दर अंशाला ठरावीक वीज वाढवत नेणारा, सरळ माणूस. आजही मुलांना मी सांगते, नुसतं तापमान हवं असेल तर आधी त्याला विचारा, मग बाकीच्यांकडे जा.

ओलीचं मात्र तसं नव्हतं. लॅमिंग्टन रोडला गेले. तिथल्या गल्लीतल्या दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, कॉलेज प्रोजेक्ट के लिए चाहिए ना? ये ले जाओ. नंबर आता है."

मी विचारलं, "नंबर सही आता है क्या?"

"अरे मॅडम, एक्झामिनर थोडी ना चेक करेगा."

मी म्हटलं, "एक्झामिनर मेरी माँ है."

तो हसला आणि मग त्याने काउंटरखालून खोकी काढली. एक होता पत्र्याच्या चिमुकल्या जाळीतला स्वस्त सेन्सर, ओलीप्रमाणे विरोध बदलणारा. एक होता परदेशी बनावटीचा, ओलीप्रमाणे वीज साठवण्याची ताकद बदलणारा, नाजूक आणि महाग. त्याने तो कागदातून काढून नुसता दाखवला आणि परत गुंडाळला. मी स्वस्तातले दोन घेतले. आणि मूठभर एलएम पस्तीस, कारण माझ्या डोक्यात आणखी एक विचार घोळत होता.

आता सेन्सर खरं बोलतो की खोटं, हे ओळखायचं कसं? एका पुस्तकात वाचलं होतं की बंद बरणीत ओलं मीठ ठेवलं तर आतली हवा पंच्याहत्तर टक्के ओलीवर येऊन थांबते, ना कमी ना जास्त. हे तर आपल्या घरचंच, मीठ काय आमच्याकडे कमी होतं? आईची लोणच्याची रिकामी बरणी घेतली, तळाला मीठ ओलवून घातलं, वर दोऱ्याने सेन्सर लोंबकळत ठेवला, तारा झाकणातून बाहेर आणि झाकण मेणाने बंद. आई जाता जाता थांबली. "ह्येचं काय करतेस गो बाय, लोणचं?" मी म्हटलं, मुरायला ठेवलाय. ती म्हणाली, "मेथी घातलीस का?"

दुसऱ्या दिवशी बघितलं तर दोन्ही सेन्सर पंच्याहत्तरच्या बरेच खाली. दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या, दोन्ही एका पुडीत बांधून ठेवले. आणि मग एक दिवस आईने स्वयंपाकघरातून आवाज दिला की मिठाला पाणी सुटलंय, नवी बरणी काढ, तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात मीठ यायचं ते मिठागरावरचं खडे मीठ. बाबांच्या ओळखीचा जूचंद्रचा माणूस गोणीने आणून द्यायचा. त्यात नुसतं मीठ नसतं, समुद्राचे दुसरेही क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात, म्हणून तर त्याला पाणी सुटतं. बरणीतली हवा खरोखरच पंच्याहत्तरच्या खाली होती आणि सेन्सर बिचारे खरं बोलत होते. शहरातल्या कुणी पुडीचं मीठ वापरलं असतं आणि पहिल्याच दिवशी मोकळा झाला असता. मी पुडीचं मीठ आणवलं आणि दोन्ही सेन्सर पंच्याहत्तरच्या जवळ येऊन थांबले. मनातल्या शिव्या मनातच परत घेतल्या.

पण पेटी करण्याआधी पिकल्या राजेळीबरोबर एका डब्यात ठेवून बघितले, तिथे ते टिकले नाहीत. या सेन्सरला एकाच दिशेने वीज दिली तर तो बिघडतो, वीज सतत इकडून तिकडे फिरवावी लागते, ते मी नीट केलं होतं. घात केला तो राजेळीने. पिकल्या केळ्याच्या वाफा, त्यातली साखर, वर आमची खारी हवा, आठवड्याभरात दोघांनी माना टाकल्या, बाहेर काढून वाळवले तरी एकच आकडा धरून बसले. तेव्हा मला कळलं की सेन्सर निवडताना पहिला प्रश्न किती अचूक हा नाही. तो जिथे राहणार तिथली हवा त्याला मानवेल का, हा आहे. मुलगी द्यायच्या घरासारखंच ते. महागडा आणला असता तरी तो केळ्यांत किती दिवस नांदला असता मला शंका आहे.

मग तो घोळत असलेला विचार पुढे काढला. दोन एलएम पस्तीस घ्यायचे, एक कोरडा ठेवायचा आणि दुसऱ्याला ओली वात गुंडाळायची, वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत. हवा कोरडी असेल तर वातीतलं पाणी भराभर उडतं आणि तो सेन्सर गार पडतो, माठातलं पाणी गार होतं तसाच. हवा दमट असेल तर पाणी उडत नाही आणि दोघं सारखेच राहतात. दोघांतला फरक म्हणजे हवेतली ओल. बिघडलंच काही तर वात बदलायची, झालं. फक्त दोन्ही सेन्सर अगदी सारखे हवेत, नाहीतर त्यांच्यातला मूळचाच फरक ओल म्हणून मोजला जाईल. म्हणून त्या मूठभरातून जोडी शोधायची होती. पायांना पाणी लागू नये म्हणून नेलपॉलिशचे थर दिले, सगळे एकाच पेल्यातल्या पाण्यात बुडवले आणि कुणाचा आकडा कुणाशी मिळतो ते बघत बसले. बाबा पेपर बाजूला ठेवून बघत होते. म्हणाले, "पत्रिका जुळवतेयस?" आतून आई म्हणाली, "स्वतःची सोडून सगळ्यांच्या जुळवेल ती." जोडी मिळाली. वात समईची, बाटली शाईची. विहिरीच्या पाण्याने मात्र वातीवर पांढरा थर धरायचा आणि आकडे घसरायचे, मग पाणी उकळून झाकणावर जमलेले वाफेचे थेंब गोळा करून तेच पाणी घालायला लागले. एवढे लाड आमच्या घरात कुणाचे झाले नव्हते.

पेटी बाबांनी करून दिली. सातिवलीहून पॅकिंगचं प्लायवूड आणलं, बिजागऱ्या बसवल्या, मच्छरदाणीच्या कापडाचे ट्रे केले. बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याला पत्र्याची झडप, पंखा बंद पडला की आपोआप मिटणारी. शिवाय जुन्या कॉम्प्युटरमधला एक छोटा पंखा, तो वातीवरून हवा खेळती ठेवण्यासाठी, कारण साचलेल्या हवेत वात खरं सांगत नाही. चीप आणि हा छोटा पंखा बाबांच्या स्कूटरच्या बॅटरीवर, बल्ब आणि मोठा पंखा घरच्या विजेवर. पुढच्या बाजूला लाल आकडे, वर तापमान, खाली ओल. आई रोज सकाळी देवाला फूल वाहून झालं की ते आकडे बघायला यायची.

आणि मला चढली. ऊन हवंच कशाला, असं वाटायला लागलं. आईकडून ट्रेभर राजेळी मागून घेतली आणि सकाळच्या उन्हात न ठेवता थेट पेटीत. रात्रंदिवस चालू. आकडे कसे अगदी पुस्तकात हवे तसे, आतली हवा कोरडी ठणठणीत. बाहेरून केळी इतकी सुंदर झाली की मी ती वेळेच्या आधीच काढली आणि आईसमोर ठेवली. आईने एक घेतलं, दाबलं, फोडलं. बाहेरून चामडं, आत ओला, पांढुरका, आंबट गर. तिने वास घेतला, ट्रे उचलला आणि मागे शेजाऱ्यांच्या गाईपुढे रिकामा केला. मला ती काही टाकून बोलली नाही. फक्त म्हणाली, "इनासकाका येतील तेव्हा त्यांच्या हातात मी असलं ठेवणार नाय. माझ्या नावाची केळी हायत ती." मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. आकडे खोटे नव्हते. मी ते बरणीत, पेल्यात, सगळीकडे तपासले होते. खऱ्या आकड्यांवर चालून केळी खराब होतात म्हणजे काय?

उत्तर दिलं ते लोडशेडिंगने. त्या काळी दुपारची वीज जायचीच. मी दुसरी खेप लावली होती, अर्धवट मनाने, आणि वीज गेली. बल्ब विझले, मोठा पंखा थांबला, झडप मिटली, बॅटरीवर फक्त माझे लाल आकडे आणि छोटा पंखा. सुट्टीचा दिवस होता, करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून समोर पाट टाकून बसले. आणि ओलीचा आकडा चढायला लागला. तापमान उतरलं की तो थोडा चढतोच, पण हिशेब केला तर हा त्याहून पुष्कळ जास्त चढत होता. बाहेरची हवा आत येत नव्हती. मग पाणी येत कुठून होतं? दार उघडून एका केळ्याला बोट लावलं. वरचं चामडं मऊ पडलं होतं, ओलसर. केळं आतलं पाणी बाहेर सोडत होतं. मी रात्रंदिवस वारा मारून त्याची कातडी आवळून टाकत होते आणि त्याला आतलं बाहेर काढायला उसंतच देत नव्हते. वीज आली, पंखा लागला आणि जे केळं आदल्या रात्रभर जागचं हललं नव्हतं ते तासाभरात डोळ्यांना दिसेल एवढं आक्रसलं. मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "आई, तू संध्याकाळी सुकेळी झाकून का ठेवतेस?"

"दव लागू नये म्हणून. का गो?"

"आणि ज्या दिवसांत दव नसतं तेव्हा?"

आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "तेव्हाही झाकतो. माझी आई झाकायची." मग मी तिला हात धरून पेटीपाशी आणलं, झडप मिटवली आणि आकडा चढताना दाखवला. सगळं सांगितलं, केळं झाकून ठेवलं की आतलं पाणी कसं वर येतं ते. तिने बराच वेळ बघितलं, पिठाचे हात तसेच. "म्हणजे दवाचं नावच होतं," ती म्हणाली. "एवढी वर्षं केलं आणि कशासाठी ते आज तू सांगतेयस." तिच्या आवाजात जे होतं ते मला आधी कधी ऐकू आलं नव्हतं, माझ्याबाबतीत तरी नाही.

मी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. सकाळी मांडवावर ऊन, सावली आली की पेटी, आणि घंटेच्या वेळेला पेटी स्वतःच मिटायची, बल्ब आणि मोठा पंखा बंद, केळ्यांना रात्रभर विश्रांती. शिवाय आता एक जास्तीची गोष्ट हातात आली होती. पेटी मिटल्यावर आकडा किती चढतो त्यावरून केळ्यात किती पाणी उरलंय ते कळत होतं. पहिल्या दिवशी भराभर चढायचा, मग रोज थोडा कमी. ज्या संध्याकाळी तो जेमतेम हलला, त्या संध्याकाळी मी आईला काही न सांगता बोलावलं. ती आकड्यांकडे पाठ करून बसली, मुद्दामच. एकेक केळं अंगठ्याने दाबत गेली, एक फोडलं, उजेडाकडे धरलं, तोंडात टाकलं. चावता चावता म्हणाली, "झाली." मी म्हटलं, माझ्या मते पण. हल्लीचा पांढरा सेन्सर त्या जोडीपेक्षा शंभर पट सोयीचा आहे, मी स्वतः तोच वापरते. पण त्या वातीवाल्या जोडीने मला जे सांगितलं ते मी विचारलं नव्हतं, आणि तसं सांगणारा सेन्सर मला नंतर भेटला नाही.

इनासकाका आले तेव्हा मी मुद्दाम घरी थांबले होते. काका ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, वर त्या इमारतीकडे बघितलं आणि मांडवावरच्या सावलीकडे. आईने वाळक्या पानांत बांधलेला एक पुडा त्यांच्यापुढे उघडला. बाबा दारात कोयता घेऊन उभे होते. काकांनी एक सुकेळं घेतलं, अंगठ्याने दाबलं, फोडलं, उजेडाकडे धरलं. खाल्लं. मग दुसरं घेतलं आणि ते न दाबताच खाल्लं. एवढ्या वर्षांत त्यांनी दुसरं कधी खाल्लेलं मी बघितलं नव्हतं.

"एवढ्या सावलीत कशी सुकवलीस गो?" त्यांनी आईला विचारलं.

मला वाटलं आई हसून टाळेल. तिचं सगळं आयुष्य त्या नावावर चाललेलं होतं, सुकेळीला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला असं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण ती सरळ म्हणाली, "अर्धी उन्हात, अर्धी हिच्या पेटीत. कधी झाली ते हिची पेटी पण सांगते, मी पण सांगते. दोघींचं एकच येतं."

काकांनी पेटी बघितली, लाल आकडे बघितले, वातीकडे बोट दाखवून "समईची?" असं विचारलं आणि मान हलवली. मग परत ओट्यावर बसून टोपी डोक्यावर घातली. "मग पुढल्या साली मिळतील ना? आत्ताच सांगा, मला तिकडे कळवायला लागतं."

बाबांनी आईकडे बघितलं. आईने पुडा पुन्हा बांधला, केळीच्या सोपटाच्या दोरीची गाठ मारली आणि मान वर न करता म्हणाली, "मला काय विचारता? हिला विचारा."

मी "हो" म्हटलं. मोठ्याने, कदाचित जरा जास्तच मोठ्याने. त्यानंतर मला पगार मिळाले, बढत्या मिळाल्या, एकदा शाल-श्रीफळही मिळालं, पण त्या दिवशी ओट्यावर मी जेवढी ताठ उभी होते तेवढी पुढे कधीच राहिले नाही. काका गेले आणि थोड्या वेळाने तो रोपवाला माणूस सायकलवर मोगऱ्याच्या पिशव्या लादून दारात आला. बाबांनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा पाजला, दोन सुकेळी खायला दिली आणि रोपांसकट परत पाठवला.